नाजूक माल

आमचे हे इतके लाजाळू, की लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा घास हातात धरून नुसते बसून राहिले. बायका हसून हसून दमल्या, पण ह्यांच्या तोंडून माझं नाव काही निघेना. पुढे संसारातही मी म्हणजे "ए", नाहीतर "ऐकलं का". चारचौघांत तेवढंही नाही. ह्यांनी घसा खाकरला की मी समजून घ्यायचं. मला त्याचा रागही यायचा आणि हसूही यायचं. त्या लाजेपायी आमची जीप एकदा उंटासारखी उंच होऊन बसली होती, ते सांगते.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. चाकणच्या पश्चिमेला, भामा नदीच्या अंगाला आमचं गाव. माझं माहेर चिंचवडचं, म्हणून मी "नाही" म्हणायची आणि सासरी सगळे "न्हाई". ह्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. पिंपरीला तेव्हा कारखान्यांचे पाये खणायला लागले होते. तिथल्या हॉटेलांना सकाळी दूध पोचवायचं आणि येताना माणसं भरून आणायची, हा ह्यांचा धंदा. आसपासच्या गावांत तेवढी एकच गाडी. तिच्यावर ह्यांचा फार जीव. मी म्हणायची, गाडीशी बोलता तेवढं माझ्याशी बोललात तरी पुष्कळ झालं.

गाव आणि चाकणच्या मध्ये एक ओढा होता, पूल नव्हता. ओढ्याच्या तळाला खडक, आणि वाटेच्या मधोमध त्या खडकाची पाठ वर आलेली. पहारीनं निघेल असला तो दगड नव्हे. सुरुंगच लावावा लागला असता. पहिल्या वेळी मी आठव्या महिन्यात माहेरी निघाले, तेव्हा जीपच्या मागच्या आसाचा मधला गोळा त्या खडकावर चढून बसला. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. बैल आणून गाडी ओढून काढेपर्यंत दुपार कलली. मी आतच होते. काढताना जो हिसका बसला, त्यानंतर माझ्या पोटात दुखायला लागलं. आम्ही चाकणपर्यंतसुद्धा पोचलो नाही. मुलगा होता. रडला नाही.

घरात त्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. बारसं झालेलं नाही, तर धरायचं कशाला, अशी रीत. सासूबाई काही वाईट नव्हत्या. माझं डोकं मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसल्या, पण म्हणाल्या, "इसरून जा, पोरी. त्यो आलाच न्हवता असं समज." आणि हे? हे ओसरीवर जाऊन बसले. घसासुद्धा खाकरला नाही. मला वाटलं, गेलं ते माझ्या एकटीचंच गेलं.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. खेडच्या दवाखान्यात तेव्हा एक डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. सासूबाई मला बैलगाडीतून घेऊन गेल्या. ओढ्यातल्या खडकावरून गाडीचं चाक आपटलं तेव्हा मी जीव मुठीत धरून बसले होते. "पहिलीच खेप का?" बाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "व्हय, पहिलीच." बाईंनी तपासलं आणि बजावलं, महिन्याच्या महिन्याला दाखवायला यायचं, बाळंतपणालाही इथंच यायचं, आणि धक्के अजिबात खायचे नाहीत. दिवस भरणार होते भादव्यात, आणि भादव्यात ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी. घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी धुणं घेऊन गेले तर हे ओढ्यात उभे, हातात बाभळीची काठी, आणि त्या खडकाची उंची मापताहेत. मी मागच्या मागे परतले.

त्यानंतर हे जीप घेऊन चाकणला गेले. तिथे नाशिक रस्त्याला एका मुसलमान मिस्त्रींचं गॅरेज होतं, मागच्या बाजूला त्यांचं घर. तिथे काय बोलणं झालं ते मला पुढे मिस्त्रींनीच सांगितलं.

"गाडी उचलून द्या, आन् टायर बदला," हे म्हणाले.

"देतो की राव. पण न्यायचं काय गाडीतून?"

झालं. आमच्या ह्यांचे कान लाल. बायको दोन जिवांची आहे हे परक्या पुरुषाला सांगायचं म्हणजे केवढं संकट. म्हणाले, "नाजूक माल हाय."

"वजन किती?"

"आत्ता कमी हाय. महिन्या-महिन्याला वाढत जाईल."

आता मिस्त्रींनी ह्यातून काय समजायचं? त्यांनी धरलं, पिंपरीच्या एखाद्या कारखान्याला बाटल्या पुरवायचं काम ह्यांना मिळालं आहे आणि धंदा वाढणार आहे. माल वाढला तरी गाडी खाली बसू नये म्हणून त्यांनी चाकांवरच्या कमानीला, म्हणजे स्प्रिंगला, जादा पोलादी पाटे चढवले, ते चांगले ताठ. वर जाड गाठींचे लष्करी टायर घातले. मन लावून केलं बिचाऱ्यांनी.

गाडी दारात आली तेव्हा मी वर मान करून बघितलं. चढायला स्वयंपाकघरातला पाट आणून ठेवावा लागला. ह्यांचा चेहरा असा फुललेला, की मी काही बोलले नाही. पण वेशीपर्यंत जाईतो माझे दात दातांवर आपटायला लागले. रस्त्यातला खडासुद्धा त्या गाडीनं चुकवला नाही. प्रत्येक खडा मला आणून दिला. दोन्ही हातांनी पोट धरून मी म्हटलं, "थांबवा."

मी उतरले आणि चालत घरी निघाले. मागून जीप, माझ्या पावलांच्या चालीनं. सगळा गाव बघत होता. घरात आल्यावर मी विचारलं, "मिस्त्रींना तुम्ही नक्की सांगितलंत काय?" पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत हे म्हणाले, "माल."

"माल? मी माल आहे?"

"मग चारचौघांत काय सांगायचं?"

मला एवढा संताप आला की हसूच फुटलं, आणि हसता हसता रडू. म्हटलं, तुमच्या लाजेत माझं दुसरंही जायचं. हे एकदम मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. दुसरं हा शब्द त्या घरात पहिल्यांदा निघाला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी शेजाऱ्यांच्या बैलगाडीत बसले. ओढा पायी ओलांडला. हे जीप घेऊन पुढे चाकणला गॅरेजवर गेले होते. मिस्त्री फडक्याला हात पुसत पुढे आले. "ताई, काय चुकलं का? बाटल्या फुटल्या काय?"

"बाटल्याबिटल्या काही नाहीत, मिस्त्री. तो नाजूक माल मी आहे."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि कपाळाला हात लावला. "काय राव तुम्ही पण. अहो, मालाला ताठ पाटा लागतो, माणसाला झुलणारा. आधी सांगायचं ना." मग त्यांनी घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली.

भाभी बाहेर आल्या, सहा लेकरांच्या आई. सगळं ऐकल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावून आधी पोटभर हसून घेतलं. मग मला पडद्याआड नेलं, हातात एक नवा नाडा घेतला आणि म्हणाल्या, "पाय उचल." मी उचलला. "खाली घे अजून. नवव्या महिन्यात एवढा नाही उचलणार तू." मग त्यांनीच माझा पाय धरून हवा तिथे थांबवला, जमिनीपासून तिथपर्यंत नाडा ताणला आणि गाठ मारली. ती गाठ मिस्त्रींनी जीपच्या दाराशी लावून बघितली. ह्यांनी सीटखालून बाभळीची काठी काढली. खडकाच्या उंचीची खूण तिच्यावर कोयत्यानं केलेली. नाडा आणि काठी दोघांनी शेजारी शेजारी धरली. खडक टाळायचा तर गाडी वर हवी, आणि माझा पाय पोचायचा तर फार वर नको.

"दोन बोटं," मिस्त्री म्हणाले. "पाट्यांनी फक्त दोन बोटं उचलायची."

"चार तरी करा," हे म्हणाले.

"पाट्यांनी नुसतं गाडीचं वरचं अंग उचलतं राव. खडकाला लागतो तो गोळा, आणि गोळा उचलतात टायर. टायर एक नंबर मोठे घालू, पण गाठी बारीक, हवा जरा कमी. ते वर घासू नयेत एवढ्यापुरती पाट्यांना दोनच बोटं."

ह्यांनी मिस्त्रींच्या हाताकडे बघितलं. एकेक बोट केळ्याएवढं. "कुणाची बोटं?"

पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "जिला बसायचंय तिची."

मग मी बाहेर येऊन कमानीला माझी दोन बोटं आडवी लावली आणि मिस्त्रींनी खडूनं रेघ मारली. जादा पाटे निघाले. जुनेच पाटे लोहाराकडून तापवून, थोडा बाक जास्त देऊन पुन्हा चढवले. मापाचा ब्लाऊज पुष्कळजणींनी घातला असेल. माझ्या मापाची गाडी होती. तिच्यात बसून मी दर महिन्याला खेडला गेले, आणि पोटातलं पाणी हललं नाही.

भादव्यात, गौरींच्या जेवणाच्या दिवशी सकाळी, माझ्या कळा सुरू झाल्या. पाट न ठेवता मी जीपमध्ये चढले, मागे सासूबाई. ओढा लाल पाण्यानं भरून चाललेला. काठावर ह्यांनी गाडी थांबवली, नमस्कार केला आणि आत घातली. पाणी गाडीच्या अंगाला लागत होतं. ती जागा आली तेव्हा मी डोळे मिटले. खालून काही लागलं नाही. पलीकडे चढ चढल्यावर बघितलं, तर ह्यांचा सदरा घामानं भिजलेला.

चाकणला गॅरेजच्या दारात मिस्त्री उभे होते. भरधाव येणारी गाडी बघून त्यांनी हात वर केला. "राव, माल?"

गाडी न थांबवता, भर पेठेत, आमचे हे ओरडले, "माल न्हाई, बायको हाय माझी! बायको!" कळा देता देता मला हसू आलं. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

खेडला डॉक्टरीणबाईंनी मला आत घेतलं आणि हात धुता धुता विचारलं, "पहिलीच ना ही?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या.

"न्हाई." दारातून आवाज आला. बायकांच्या खोलीच्या दारात आमचे हे उभे होते, टोपी हातात. "दुसरी खेप हाय, बाई. पहिला मुलगा होता. आठव्या महिन्यात गेला. माझ्या गाडीत."

बाई एकदम थांबल्या. "हे मला आधी का नाही सांगितलं?" असं म्हणून त्यांनी दार लावलं, आणि त्यानंतर त्या माझ्याजवळून हलल्या नाहीत. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती. बाईंनी ती लगेच सोडवली आणि म्हणाल्या, पहिलटकरणीला वेळ लागतो, तेव्हा दुसरी खेप आहे हे कळलं नसतं, तर मी दुसऱ्या बाईकडे बघून येते म्हणून उठून गेले असते. मग मुलगी रडली. ओरडलीच.

मिस्त्री आणि भाभी आता नाहीत. तो नाडा भाभींनी मुलीच्या पाळण्याला बांधायला दिला होता, तो कित्येक वर्षं होता. त्या दोघांचं मी देणं लागते आणि ते फिटायचं नाही. ह्यांनी माझं नाव मात्र शेवटपर्यंत घेतलं नाही, आणि मीही मग त्यावरून भांडायचं सोडून दिलं. जवळजवळ तीन वर्षं मी त्या गेलेल्या मुलाची एकटीच आई होते. खेडच्या दवाखान्यात, टोपी हातात घेऊन, त्याचा बाप दारात येऊन उभा राहिला.