चंद्रीवरचा फ्रेंच आळ

आमच्या बकरीनं फ्रान्सचं काहीही वाकडं केलेलं नव्हतं.

चार वर्षं मनाला टोचतंय, म्हणून आज लिहूनच टाकतो. पोरगा विलास वाईन बनवायला शिकायला फ्रान्सला गेला आणि येताना रीतसर कागद करून द्राक्षाची तीन रोपं घेऊन आला.

"आबा, बोर्दोचं नाव कुणीबी घेतं. हे बघा, ज्युराच्या डोंगरातलं त्रुसो, हे साव्हॉयचं मोंडूज, अन् हे फ्राँताँचं नेग्रेत. तिथल्या लोकांनाबी धड माहीत नाय!" (म्हणून पैठण रोडला आणलं!) "यांना हात लावायचा नाय."

तीस वर्षं द्राक्षबाग केलेल्या माणसाला हे सांगणं!

एप्रिल उजाडला. आपल्याकडं एप्रिलात खरडछाटणी होते, वेल पार खोडक्यापर्यंत खाली येतो. विलास पुण्याला गेलेला. माझे हात शिवशिवले. कात्री काढली आणि तिन्ही फ्रेंच पाहुण्यांची हजामत केली! पाला चंद्रीपुढं टाकला.

उद्या येणारा विलास नेमका त्याच दुपारी आला. चंद्री नेग्रेतचा शेवटचा शेंडा चघळत होती.

"आबा! बकरीनं खाल्लं?"

"व्हय की! लई बेरकी हाय!" (माझ्याच तोंडून!)

खोडकी उन्हानं वाळली, पुन्हा फुटलीच नाहीत. चंद्रीला पाचोडच्या बाजारात विकायचं ठरलं. दोरी धरून मीच नेली, आणि ती वाटभर माझाच हात चाटत आली! आमची मंडळी, गोदा, तीन दिवस रडली.

परवा विलासनं नवी रोपं लावली. "बकऱ्यांचा नेम नाय," म्हणत भोवती तारेचं कुंपण ओढलं. मग मात्र राहवलं नाही. जेवताना बोललोच.

"चंद्री निर्दोष हाय! वेल मी छाटले. अन् छाटणी बरोबरच होती! फ्रान्सचा वेल हाय म्हणून आपला एप्रिल बदलत नाय!"

विलासचा घास हातातच राहिला. गोदा भाकरी थापतच होती.

"ती गेल्यावर म्या खोडकी बघितली. बकरी काय कात्रीनं तिरपं कापती व्हय?"

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही कवा बोलता, त्याची वाट बघत होते. पाचोडला तुम्हालाच न्यायला पायजे हुतं. पण तुम्हाला घेणार कोण?"

आता आमच्या घरी बकरी नाही. तरी विलासनं काल कुंपण आणखी दोन हात उंच केलं.