झेंडूचा दोरा

चहाचा कप हातात घेण्याआधीसुद्धा मिस्त्री करंगळी ओली करून वर धरायचे. मग डोळे बारीक करून म्हणायचे, "हवा मोकळी हाय." आमच्याकडच्या भिंतींवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा रंगवलेल्या असत, त्या वर्षांतली ही गोष्ट. जिंतूर रस्त्याला त्यांचं पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचं पत्र्याचं शेड होतं आणि पलीकडे मी शिकवायचो ती शाळा.

त्या शेडात चार वर्षं खपून त्यांनी एका माणसाचं विमान बांधलं. मोटारसायकलचं इंजिन, बांबू, पातळ पत्रा आणि पंखांना धोतराचं कापड. हैदराबादेला छोट्या विमानांची शर्यत असते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

"पैला नंबर नको, गुरुजी. सगळ्यांसंगं एकदा उडायचंय, बस."

लोक हसायचे. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याच्या सकाळी चाचणीसाठी विमान माळावर आणलं. नवं वाहन आणि हार नाही, हे मला बघवेना. मी झेंडूचा हार घेऊन गेलो.

"पुढं पंखा हाय," मिस्त्री म्हणाले. "शेपटीला बांधा."

मी घट्ट गाठ मारली. हातभर दोरा उरला, तो तसाच लोंबत राहिला.

विमान धावलं, डुगडुगलं आणि चक्क उडालं. तुम्ही ते पाहायला हवं होतं. खाली नुकता फुटू लागलेला कापूस, वर तेवढंच पांढरं कापड आणि शेपटीला पिवळा हार. आम्ही ओरडायचंही विसरलो. मला तर वाटलं, हे असंच हळूहळू हैदराबादेपर्यंत जाईल. पण वळायच्या जागी ते वळलं नाही. सरळ जात जात तुरीच्या शेतात कोसळलं.

सगळ्यांत आधी मी पोचलो. मिस्त्रींचा पाय मोडला होता. विमान वळवणाऱ्या शेपटीच्या बिजागरीत माझा दोरा गुंडाळून बसला होता. मी तो ओढून तोडला आणि खिशात घातला.

"काय झालं वो, मिस्त्री?" लोकांनी विचारलं.

"हवा फिरली," ते म्हणाले.

पाय कायमचा अधू झाला. विमान पुन्हा उभं राहिलं नाही, शर्यत राहूनच गेली. मी मात्र रोज त्यांच्याकडचा चहा पीत राहिलो आणि तोंड उघडलं नाही. लाज वाटायची, पण धीर होत नव्हता.

काही वर्षांनी मी जुनी स्कूटर घेतली. हार आणला, पण बांधायला हात उचलेना. मिस्त्री लंगडत आले.

"गाडीला हार न्हाई म्हंजे कसं, गुरुजी?"

त्यांनी स्वतः हार बांधला. मग वाकून उरलेला दोरा दातानं तोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"आता हवा मोकळी हाय."

मी तिथंच रस्त्यावर रडलो. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

आता मिस्त्री नाहीत. शेडला कुलूप आहे. दसऱ्याला मी स्कूटरला हार बांधतो, दोरा दातानं तोडतो आणि कुणी बघत नाहीसं पाहून करंगळी ओली करून वर धरतो.