चिलमीच्या तंबाखूचं निवेदन

मुरुमच्या बाजारात माझं तंबाखूचं दुकान आहे. चिलमीच्या तंबाखूवर कर वाढणार असं कळलं, तेव्हा आम्ही दुकानदारांनी निवेदन लिहिलं आणि ते द्यायला मी धाराशिवला कलेक्टर साहेबांकडं गेलो. सोबत माझं जुनं गिऱ्हाईक होतं, जन्मभर चिलीम ओढलेले एक म्हातारबा. गरिबाचं म्हणणं साहेबांना त्याच्याच तोंडून कळावं, असा माझा विचार.

दुपारपर्यंत कचेरीतल्या बाकावर बसून राहिलो. शेवटी आत बोलावलं. म्हातारबांनी हात जोडले.

"साहेब, एवढी एकच सवय हाय, ती तरी..." म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती लई वेळ थांबेचना. साहेबांनी स्वतः उठून त्यांना पाणी दिलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "तंबाखू तुमच्याकडूनच नेतात का?"

"व्हय," म्हणालो. पाठ करून आणलेलं पुढचं काहीच आठवलं नाही. निवेदन टेबलावर ठेवलं, पोच घेतली.

एस.टी.त म्हातारबा म्हणाले, "झालं का काम?"

"दिलंय," एवढंच बोललो.

कर वाढलाच. पुढं दुकानदार दुसरं निवेदन घेऊन आले, तेव्हा मी सही केली. धाराशिवला मात्र गेलो नाही.