लाभाच्या पोत्यातली मूठ

औशाची बसम्मा लातूरच्या एका डाळमिलमध्ये एकोणीस वर्षं काट्यावर होती. तीस किलोचं पोतं भरायचं, आकडा बघायचा, चिमूटभर काढायचं नाहीतर घालायचं आणि शेजारच्या सिंधूकडं शिलाईला सरकवायचं. सातवी पास बाई, गळ्यात इष्टलिंग, बोलणं मोजकं. तिच्या हातचं पोतं दहा-वीस ग्रॅमच्या वर हललं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. म्हणून तर तिला सुधारायला नांदेडहून आदिनाथ सर आणले.

सरांचा अभ्यास दांडगा. तीस जणांना सतरंजीवर बसवून त्यांनी सहा दिवस सांख्यिकी शिकवली. दर तासाला एक शिवलेलं पोतं दुसऱ्या काट्यावर तोलायचं, तक्त्यावर ठिपका मांडायचा. वर एक लाल रेघ, खाली एक.

"या रेघा मी मारत नाही, तुमचं कामच मारतं," सर म्हणाले. "ठिपका बाहेर गेला की काहीतरी वेगळं घडलंय. ते शोधायचं."

अर्धे लोक चहाची वाट बघत होते. बसम्माला मात्र हे मनापासून पटलं.

तक्ता बोलला तो असा : दिवसभराचे ठिपके शहाण्या लेकरांसारखे रेघांच्या मधे आणि सकाळी नऊचा पहिला वरच्या रेघेच्या डोक्यावर. बाकीच्यांपेक्षा ऐंशी-नव्वद ग्रॅम जास्त. रोज.

सरांनी हवेतला ओलावा मोजला, काटा तपासला. नऊला येऊन बघायचं तेवढं राहून गेलं, कारण लॉजवरचा नाष्टा सरांना अकराच्या आत सोडत नव्हता. शेवटी कारण सापडलंच : 'काटा कामगाराचा सकाळचा आळस.' समारोपाला बसम्मानं त्यावर सही करायची आणि सोमवारपासून काटा सोडून झाडणीला जायचं.

खरं कारण मिलच्या मांजरालाही ठाऊक होतं. मालक वीरभद्रअप्पा पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून नऊला येत. मोजताना पहिलं पोतं म्हणजे 'एक' नव्हे, 'लाभ'. ते काट्यावरून उतरलं की अप्पा आपल्या हातानं त्यात मूठभर डाळ टाकत, हात जोडत. मग सिंधू शिवायची. देवाच्या कामालाही वजन असतं, हे बोलणार कोण?

"सही कर आन् मोकळी हो," सिंधू म्हणाली. "अप्पाचं नाव घेशील तर झाडणीबी जाईल."

"आळस केला न्हाई तर सही कशी करू? देव बघतोय."

"बघतोय तर त्यानंच सांगावं की सरांना!"

समारोपाला अप्पा हार घालून खुर्चीवर बसले. सरांनी अहवाल पुढं केला. बसम्मानं कमरेची चिठ्ठी काढली. चार दिवसांचे सकाळचे आकडे तिनं लिहून ठेवले होते.

"सर, माझ्या काट्यावरनं उतरलं तवा तीस किलो दहा ग्रॅम. तुमच्या काट्यावर गेलं तवा तीस किलो पंच्याण्णव. मधी काय झालं?"

"शिलाई?" सर म्हणाले. दोरा पंच्याऐंशी ग्रॅमचा असतो असं त्यांना वाटलं असावं.

"मधी अप्पांची मूठ हाय."

बाकीच्या एकोणतीस जणांना सतरंजीची नक्षी एकदम आवडू लागली.

"देवाची मूठ हाय ती!" अप्पा तापले. "तक्त्यात बसत नसंल तर रेघ वर घ्या की, सर."

सरांनी निमूट पट्टी उचलली.

"रेघ तुम्ही मारत नसता ना, सर?" बसम्मा म्हणाली आणि अप्पांकडं वळून तिनं हात जोडले. "अप्पा, देवाचंच हाय तर नुसती मूठ कशाला? अन् ती गिऱ्हाइकाच्या घरी कशाला? लाभाचं पोतंच रोज मठात दासोहाला धाडू, चार माणसं जेवतील. मी दुसऱ्यापासनं मोजते."

"रोज? अख्खं?"

"देवाचं म्हणल्यावर अर्धं कसं द्यावं, अप्पा?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अप्पांनी रुमालानं कपाळ पुसलं, विभूतीसकट. "बघू," म्हणाले.

सोमवारी नऊला अप्पा आले. मूठ भरली, पोत्यावर धरली. बसम्मा नुसती बघत राहिली. अप्पांनी मूठ डाळीच्या ढिगावर परत सोडली, हात जोडले आणि केबिनमध्ये गेले. भक्ती अजून तीस किलोपर्यंत पोचली नव्हती, एवढंच. पहिला ठिपका रेघांच्या मधे बसला. झाडणीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आठवड्यानं सरांचा नवा अहवाल आला : 'प्रशिक्षणामुळे काटा कामगाराच्या कामात लक्षणीय सुधारणा.' बसम्मानं तो शांतपणे वाचला, सहीची जागा मोकळी ठेवून परत दिला आणि पुढचं पोतं काट्यावर घेतलं.