कपाळावरचे चष्मे

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.ए. झालो, एम.ए. झालो, रसायनीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी लिहायला, लागलो आणि नोकरी सांभाळून पीएच.डी.ला नाव घातलं. विषय वर्तन-विश्लेषण. हे सांगताना आजही छाती फुगते, ती मी लपवत नाही.

घरी विषय समजावणं सोपं गेलं. माणसाच्या मनात काय आहे ते विचारत बसायचं नाही. तो काय करतो ते मोजायचं, त्याआधी काय घडलं आणि नंतर त्याला काय मिळालं ते बघायचं. आई म्हणाली, "म्हंजे सासू सुनेवर ठेवते तसं लक्ष." म्हटलं, तसंच, फक्त वहीत लिहून.

अभ्यासाला मी आमचंच ॲसिड भरायचं खातं घेतलं. तिथं अठरा माणसं, त्यांत एक माझा सख्खा चुलता. प्रत्येकाला डोळ्यांवर लावायचा चष्मा दिलेला, पण घामानं काचांवर वाफ धरायची, म्हणून तो कपाळावर चढवलेला. एकाच्या पापणीवर उडालेला थेंब मी स्वतः पाहिला होता. डोळा थोडक्यात वाचला. काय केलं तर चष्मा खाली येईल आणि खालीच राहील, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी आधी काहीही न बदलता, आहे तसं मोजणं भाग होतं.

वही घेऊन गेलो, तर अठराच्या अठरा चष्मे डोळ्यांवर. दुसऱ्या दिवशीही. तीन आठवडे तेच. आलेख काढला, तर वरच्या टोकाला सरळ रेघ.

मुंबईला माझ्या मार्गदर्शकांनी तो कागद पाहिला आणि परत माझ्यापुढे सरकवला. "इथं रोगच नाही, औषध कशावर देणार? पुढच्या महिन्यात तुमचा विषय समितीपुढे आहे. हे घेऊन गेलात तर नोंदणी रद्द करतील."

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

मग एकदा जुनी रजिस्टरं काढायला गोदामात गेलो. तिथल्या जाळीच्या खिडकीतून भरणीचं खातं दिसतं, हे मला माहीतच नव्हतं. बघतो तर दोघं सोडून सगळ्यांचे चष्मे कपाळावर. तेवढ्यात कुणीतरी पाइपावर पाना दोनदा ठणठणवला आणि सगळे चष्मे झटक्यात खाली आले. दारातून आला आमच्या ऑफिसातला दुसरा कारकून, माझ्यासारखाच पांढरा शर्ट घातलेला.

"आपला डाक्टर नाय रं, हा दुसराच!" एकजण ओरडला. चष्मे पुन्हा वर.

पाना माझ्या चुलत्याच्या हातात होता.

संध्याकाळी त्याच्या अंगणात जाऊन विचारलं, "काका, तुमी मला बघून चष्मे लावता?"

"मंग? तुजी परीक्षा हाय ना ती! सगळ्यांना सांगून ठेवलंय, आपल्यातला पयला पोरगा डाक्टर व्हतोय, एक बी मार्क जाता कामा नाय."

"माजं वाटोळं केलंत तुमी."

"आँ? अठरापैकी अठरा दिलं की रं!"

काकू चुलीपासून म्हणाली, "पैकीच्या पैकी मिळाल्यावर रडनारा मी पयलाच बगितला."

मी सगळं नीट सांगितलं. काकानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "येवढंच ना? उद्यापासून कुनीच नाय लावनार. तुजं काम व्हऊन जाईल."

खरं सांगतो, मी लगेच नको म्हटलं नाही. दोन-तीन आठवड्यांचाच तर प्रश्न होता. पण ती पापणी डोळ्यांपुढून हलेना. "नको काका," म्हटलं, "लावा. माजं मी बघतो."

मुंबईला जाऊन सरांना खरं ते सांगितलं. नोंदणी गेलीच असं धरून चाललो होतो. सर हसायलाच लागले. "अहो, तुम्ही आलात की चष्मा लागतो, गेलात की निघतो. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता? आता एवढंच शोधा, तुम्ही नसताना तो कशानं राहील."

मी खात्यात उभा राहून सगळ्यांना सांगितलं, की यापुढे खिडकीतून मोजेन, कधी ते सांगणार नाही. आणि वही त्यांच्याच हातात दिली. आठवड्याला एकानं मोजायचं, आकडा खडूनं फळ्यावर लिहायचा. पहिली पाळी काकाची. तो नात्यागोत्याला बधणारा नव्हता. "काय रं, कपाळाला डोळे फुटले का तुज्या?" असं अख्ख्या खात्यापुढे विचारायचा. चष्मे पुसायला सुक्या फडक्यांचा गठ्ठाही त्यानंच स्टोअरशी भांडून आणला.

समितीच्या आदल्या शनिवारी मी खिडकीशी गेलो. काका रजेवर, पाना खुंटीला. सोळा चष्मे डोळ्यांवर होते, सतरावा काचा पुसत होता. मी पुन्हा मोजलं. सोळाच. आकडा लिहून घेतला आणि तिथंच गोणीवर बसलो.

समितीनं दोन प्रश्न विचारले आणि विषय मंजूर केला. परतीच्या एसटीत असा झोपलो, की रसायनीच्या फाट्याला उतरायचं राहिलं. कंडक्टरनं हलवलं तेव्हा गाडी घाट चढून खंडाळ्याला आली होती. उतरती गाडी मिळेपर्यंत दीड तास थंडीत उभा होतो, पोटात काही नव्हतं, आणि मला कसलीही घाई नव्हती.