बोल्टाला घाई कळू द्यायची नाय

अडकलेल्या बोल्टाला पाना लावण्याआधी मामा त्यावर नुसता तळवा ठेवायचे. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर आपण ठेवतो तसा. मग थोडा वेळ उकिडवे बसून राहायचे. गिऱ्हाईक चुळबुळ करू लागलं की मान वर न करता म्हणायचे, "आपल्याला घाई हाय, हे त्याला कळू द्यायचं नाय."

त्याला म्हणजे बोल्टाला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, वस्तूंशी माणसासारखं वागणारी. आमचे मामा त्यातले.

जालना रोडवर, शेंद्र्याच्या थोडं अलीकडे माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून मामांचं पंक्चरचं. नात्याने ते माझे कुणी नव्हते, त्या रस्त्यावर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. माझ्या माहेरी आणि सासरी सगळे पूजा सांगणारे, नाहीतर कचेरीत बसणारे. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत कामाला, म्हणून दुकान मी सांभाळायची. येणारा प्रत्येक जण माझ्या डोक्यावरून आत बघत मालक कुठे आहेत असं विचारायचा. मग शेजारून, टायरमधलं डोकं बाहेर न काढता, मामा सांगायचे, "मालक तुमच्या म्होरंच बसलेत."

थापा मात्र भरपूर मारायचे. आपल्या हातून आजवर एकही बोल्ट तुटला नाही, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत. तुटला की मागच्या बाजूने गुपचूप माझ्याकडे येऊन तसाच दुसरा घेऊन जात. मी हसू दाबायची. तेही दाबायचे.

दुष्काळाची वर्षं होती ती. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, शेतांत प्लॉटचे दगड रोवले जात होते, आणि त्याच रस्त्यावरून दिवसभर पाण्याचे टँकर धावत होते. टँकरचे टायर फुटायचे आणि मामांना उसंत नसायची. एकदा चहा पिताना म्हणाले होते, "गावाला पानी नाय म्हणून मला काम हाय. हे काय मला गोड लागत नाय, ताई." एवढं बोलून पुन्हा कामाला लागले. आपलं स्वतःचं असं ते फार बोलायचे नाहीत. करमाडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे, धनगराच्या घरातले, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या सुमाराला नव्या गाड्यांना लॉकचे बोल्ट येऊ लागले होते. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला साध्या बोल्टांबरोबर एक बोल्ट असा, की त्याच्या डोक्यावर नक्षी असते. त्या नक्षीत बसणारी अंगठ्याएवढी चावी मालकाजवळ असते. ती चावी झिजली किंवा तुटली की चोराबरोबर मालकालाही चाक काढता येत नाही. मामांना या प्रकाराचा मनापासून राग होता. आपल्याच गाडीला आपणच कुलूप घालायचं, म्हणजे घरात राहून बाहेरून कडी लावून घेण्यासारखं, असं ते म्हणत.

एका उन्हाळ्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, तशी एक गाडी आमच्यासमोर लंगडत येऊन थांबली. आतून एक तरुण जनावरांचे डॉक्टर उतरले. करमाडच्या पुढे चारा छावणी होती, तिथे एक गाय वितांना अडली होती आणि ते तिकडे निघाले होते. मागचं चाक बसलेलं. स्टेपनी होती, जॅक होता, चावीही होती. पण शहरातल्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये कुणीतरी त्या चावीवर बोल्ट फिरवायची हवेची गन चालवली होती आणि तिचे दात पार गुळगुळीत झाले होते. चावी बोल्टावर नुसती फिरत होती.

मामांनी चाकाला दगड लावला. गाडी उचलली नाही, टेकलेलीच ठेवली, म्हणजे चाक फिरत नाही. बोल्टावर ऑइल सोडलं. मग माझ्याकडून एक गोटी घेतली. गोटी म्हणजे पान्याच्या टोकाला बसणारी पोलादी टोपी. बोल्टाच्या डोक्यापेक्षा ती किंचित लहान घ्यायची, हातोडीने हळूहळू ठोकून डोक्यावर घट्ट बसवायची, मग दांड्याला लांब पाइप घालून फिरवायची, असा त्यांचा उपाय होता. तो बहुतेक वेळा चालायचाही.

पण त्या दिवशी बोल्टावर तळवा ठेवायचं ते विसरले. डॉक्टरांचा फोन सारखा वाजत होता. कालवडच आहे, पहिलंच वेत आहे, एक पाय बाहेर दिसतोय आणि दुसरा दिसत नाही, असं पलीकडून कुणी सांगत होतं. ते मामांच्या कानावर पडत होतं. ते जोरजोरात ठोकू लागले. पाइपवर सगळं अंग टाकलं आणि गोटी मधोमध फाटली. बोल्ट जागचा हलला नाही.

मी दुसरी गोटी घेऊन आले. मामांनी ती हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. डॉक्टरांकडे न बघता त्यांनी विचारलं, "पाय मागं दुमडलाय का वासराचा?"

तसंच वाटतंय, असं डॉक्टर म्हणाले.

"मंग चला. चाक कुठं जात नाय."

त्यांनी मोटरसायकल काढली, डॉक्टरांना बॅग घेऊन मागे बसवलं, आणि दोन्ही दुकानं माझ्यावर सोपवून दोघं करमाडच्या दिशेने गेले. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकून मामा उठले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

परतले ते उन्हं कलल्यावर. मामांच्या अंगात नुसतं बनियन होतं आणि त्यावर रक्ताचे डाग. मी घाबरून उठले, तर म्हणाले, "मपलं रगत नाय हे. वासराला पुसायला काय गावंना, म्हणून शर्ट दिला."

ते हातपाय धुवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं. कालवड एका म्हातारीची होती. त्या म्हातारीचं दुसरं कुणी नव्हतं. कालवडीबरोबर तीही छावणीतच राहत होती. डॉक्टर आत हात घालून दुमडलेला पाय सरळ करत होते, तेवढा सगळा वेळ मामांनी कालवडीचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि ते तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. वासरू बाहेर आलं तेव्हा श्वास घेत नव्हतं. मामांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, गवताची काडी नाकात फिरवली, छाती चोळत राहिले. अखेर ते शिंकलं. मग मामा बाजूला जाऊन बाभळीच्या बुंध्याशी बसले आणि बराच वेळ रडले. म्हातारीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

म्हातारीला मामांनी सांगितलेलं डॉक्टरांच्या कानावर पडलं होतं, की आधीच्या दुष्काळात चारापाणी नाही म्हणून त्यांनी आपली सगळी मेंढरं विकली. ट्रकमध्ये चढवताना एकेकीला स्वतः उचलून दिलं. तेव्हापासून जनावराच्या अंगाला हात लावला नव्हता. त्यांच्या शेजारी इतकी वर्षं बसून मला यातलं काही माहीत नव्हतं.

हातपाय धुऊन मामा आले आणि चाकापाशी उकिडवे बसले. तळवा ठेवला. दुसरी गोटी सावकाश ठोकत बसवली, पाइप घातला, हळूहळू वजन दिलं. बोल्टाने एक करकर आवाज केला आणि तो फिरला. डॉक्टरांना सगळ्या चाकांचे लॉक काढून साधे बोल्ट लावायला सांगितलं आणि ते माझ्या दुकानातून घ्यायला लावले. एवढ्या गडबडीतही माझी विक्री ते विसरले नव्हते.

त्यानंतर दर गुरुवारी मामांचं दुकान बंद राहू लागलं. ते छावणीवर जायचे. वासरू पाहून यायचे आणि शुक्रवारी त्याच्या खोड्या मला ऐकवायचे. पुढे पाऊस बरा झाला, छावणी उठली. म्हातारी गाय-वासरू घेऊन गावी गेली आणि मामांनी थोडी मेंढरं घेतली. आधी ती मुलगा सांभाळायचा.

मग रस्ता रुंद झाला. आमची दोन्ही दुकानं त्यात गेली. आम्ही नव्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा घेतला. शेजारचा मामांनी घ्यावा म्हणून मी पुष्कळ सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मला बोलवणारं दुसरं हाय आता, ताई." आणि अवजारांची पेटी माझ्याकडे ठेवून वस्तीवर मेंढरांकडे गेले.

मामा वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. बातमी उशिरा कळली, त्यामुळे शेवटचं दर्शनही झालं नाही. त्याआधीच्या हिवाळ्यात मात्र मी नवऱ्याबरोबर त्यांच्या वस्तीवर गेले होते. दुपार होती. मामी चुलीपाशी होत्या, त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. कडुलिंबाखाली घोंगडीवर मामा गाढ झोपले होते, तोंड किंचित उघडं, पायात चिखलाने माखलेल्या वहाणा तशाच. एक कोकरू त्यांच्या पाठीला टेकून बसलं होतं आणि दुसरं धोतराचा सोगा चघळत होतं.

मामी उठवायला निघाल्या. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी तिथेच, ओसरीच्या कडेला बसून राहिलो.