पट्टीवरचं नाव

औषधवाल्या ताईंनी पहिलं दुकान थाटलं ते एका जिन्याखाली. आत दोन माणसं शिरली की तिसऱ्याने बाहेरूनच खोकायचं. पुढे एकाची दोन झाली, दोनाची सहा, आणि तरी गिऱ्हाइकं औषधाआधी ताईंकडे घरची गाऱ्हाणीच सांगत बसायची. कौतुक करायचं तर दुकानांपेक्षा याचं करावं.

ताईंचा एक हट्ट होता. गोळ्यांची पट्टी कापली, की नाव छापलेला तुकडा गिऱ्हाइकाला द्यायचा. बिननावाचा दुकानात ठेवायचा, आणि तो विकायचा नाही; आपण कोणती गोळी घेतोय हे गिऱ्हाइकाला वाचता यायला हवं. हिशेब धाकट्या भावाकडे. फुकट जाणाऱ्या गोळ्या पाहून त्याचा जीव तीळतीळ तुटायचा. सातवं दुकान उघडायच्या आदल्या दिवशी त्याने निर्वाणीचं सांगितलं, "ताई, हा हट्ट तिथेही चालवलास, तर मी वेगळा होतो." पण ताईंचा हट्ट काही सुटला नाही.

उद्घाटनाला ही गर्दी! त्या गडबडीत भावाने एका बाईंना बिननावाचा तुकडा दिला. ताईंनी ते पाहिलं मात्र, पाहुण्यांना तसंच सोडून त्या नाववाला तुकडा घेऊन निघाल्या.

"अगं, राईचा पर्वत कशाला करतेस?" म्हणत भाऊही मागोमाग.

बाई बसथांब्यावर सापडल्या. ताईंनी तुकडा बदलून दिला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि हसल्या. "मला कुठं वाचता येतं? मी आपली रंगावरून ओळखते." पिशवीत आधीच्या गोळ्या होत्या. त्याही या नव्या गोळ्यांसारख्याच पांढऱ्या.

ताई बाकावर बसल्या. "इतकी वर्षं मी नावाचा तोरा मिरवला रे," त्या भावाला म्हणाल्या. "वाचता येतं का, हे कुणाला विचारलंच नाही." भर रस्त्यात, धाकट्या भावासमोर एवढं कबूल करायला छाती लागते.

भावाने बाईंकडची डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. मग खिशातलं पेन काढून त्याने औषधाच्या एका पाकिटावर सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्र. चंद्र जरा बटाट्यासारखा झाला. "सूर्यवाली सकाळी, ही झोपताना," असं सांगून त्याने बाईंकडून ते पुन्हा वदवून घेतलं.

"तू वेगळा होणार होतास ना?" ताईंनी हळूच विचारलं.

"मग सात दुकानांत चित्रं कोण काढणार?" तो म्हणाला, आणि बाईंची बस येईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.